पट्टी साफ शे

चिमूटभर माती उचलायची, हात खांद्याच्या उंचीवर न्यायचा आणि बोटं हळूच सोडायची. माती कुठल्या बाजूला पडते ते बघायचं आणि समोरच्याला सांगायचं, "मावयतीना वारा शे, भाऊसाहेब." ऑफिसच्या अंगणात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर माझ्या वडिलांच्या दहाव्याला नदीकाठीसुद्धा आबांना हे करताना मी पाहिलं आहे. वारा मावळतीचा आहे का, हे कुणी विचारलेलं नसायचं. वारा मात्र ते सांगतील तिकडूनच असायचा.

धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर ते रोजंदारीचे चौकीदार होते आणि मी त्यांची हजेरी मांडणारा कारकून. मी चोविशीतला, ते पन्नाशीचे, म्हणून मी त्यांना आबा म्हणायचो. मूळचे शिंदखेड्याकडचे. गोष्ट ऐंशीच्या दशकात सुरू झालेली. विमानतळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं तिथे काही नव्हतं. एक डांबरी पट्टी, आबा आणि त्यांची बायको राहायची ती पत्र्याची खोली, एक खांब आणि वारा कळावा म्हणून त्यावर टांगलेली कापडाची लांब झोळी. बाकी बाभळी आणि शेळ्या. आसपासचे लोक पट्टीवर मिरच्या वाळवायचे, ज्वारीची कणसं पसरायचे. त्यांना तरी काय बोलणार, एवढं सपाट खळं पंचक्रोशीत दुसरं नव्हतं.

वर्षातून दोन-तीनदा एखादा मंत्री यायचा, निवडणुकीत जरा जास्त. निरोप आला की आबा शेळ्या हाकलायचे, मिरच्या गोळा करायला लावायचे, कडेला चुना मारायचे आणि कापसाच्या ओल्या पऱ्हाटीचा धूर करायचे. झोळी फाटलेली असली तरी धुरावरून वैमानिकाला वारा कळावा, हा त्यांचा स्वतःचा शोध. मंत्री उतरायचे, हार व्हायचे, गाड्या धुरळा उडवत निघून जायच्या. आबांकडे कुणी बघत नसे. आबाही कुणाकडे बघत नसत, ते विमानाच्या चाकांकडे बघत असत.

बाकी वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि खडे वेचायचे. सोमवारी ऑफिसात आले की माझ्या टेबलासमोर ताठ उभं राहून म्हणायचे, "पट्टी साफ शे, भाऊसाहेब." तब्येत विचारली तरी हेच उत्तर. मुंबईचं विमान आलं का, असं शिपाई मुद्दाम विचारायचे. आज नाही आलं, असं आबा अगदी गंभीरपणे सांगायचे.

त्याला कारण होतं. कुणा जुन्या इंजिनियर साहेबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की रोजचं विमान सुरू होईल त्या दिवसापासून तू कायम, खाकी ड्रेससकट. कागद कसला नव्हता, साहेबही केव्हाच बदलून गेले होते. पण आबांनी खाकी कापड आणून ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलं होतं. शिवून का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तवलोंग माप बदली जाई ना." तोवर अंगाचं माप बदलेल म्हणे. मी हसलो होतो. आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

नव्वद साल उलटलं आणि एका खासगी कंपनीचं लहान विमान धुळ्याला येऊन बघणार, जमलं तर रोज येणार, अशी बातमी आली. आबांनी तीन दिवस पट्टी झाडली. आणि मग, आपल्याकडे कार्य निघालं की माणूस जे करतो, ते त्यांनी केलं. घरोघर अक्षता घेऊन गेले. शिंदखेड्याचे भाऊबंद, पिंपळनेरचे सासरचे, पट्टीलगतची सगळी वस्ती, सगळ्यांना चुलीसकट आवतण. नवा ट्रॅक्टर दारात आला तर आपण त्याला ओवाळतो, चाकापुढे नारळ फोडतो, मग विमानाला नको का, असं त्यांचं म्हणणं. विमान थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही म्हणून त्यांनी चुन्याची रेघही आखली होती.

विमान दिसलं मात्र, ती रेघ कुणाला दिसलीच नाही. ताटं घेतलेल्या बायका, म्हातारी माणसं, पोरं, सगळी पट्टीवर धावली. पहिलं कुंकू कुणाचं, याची चढाओढ. विमान खाली आलं, परत वर गेलं, एक फेरी मारली, दुसरी मारली. लोकांना वाटलं, प्रदक्षिणा घालतंय. त्यांनी खालून हात जोडले. उतरायला जागा नाही, हे एकट्या आबांना कळलं होतं. ते ओरडत होते, दंडाला धरून माणसं ओढत होते. पट्टी मोकळी झाली तेव्हा आभाळात काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी धूर केला.

संध्याकाळी दोष स्वतःकडे घेतच माझ्यापाशी आले. "भाऊसाहेब, मनामुये इमान गयं ना?"

आता तुम्हाला खरं सांगतो. आठवडाभर आधी कंपनीचं पत्र माझ्याच टेबलावर आलं होतं. धुळ्याला उतारू मिळणार नाहीत, विमान सुरू करण्याचा विचार नाही, दुसरीकडे जाताना फक्त उतरून बघून जाऊ. आमचे साहेब म्हणाले होते, फायलीला लावा आणि गप्प बसा. मी दोन्ही केलं. आबांना ते सांगितलं असतं तर त्यांची चूक गेली असती आणि आशाही गेली असती. मी म्हणालो, "येईल परत." साहेबांनी अहवालात विमान न उतरण्याला चौकीदाराने जमवलेल्या गर्दीचं कारण लिहिलं. पुढच्या महिन्यात हजेरीपटातून आबांचं नाव कमी झालं. रेघ मी मारली.

तरी पुढच्या सोमवारी ते आले आणि पट्टी साफ असल्याचं सांगू लागले. आबा, तुमचं नाव आता नाही, असं मी सांगितलं. "पट्टीले ते माहीत नही ना," म्हणाले आणि निघून गेले. नंतर ऑफिसात आले नाहीत. पट्टीवर मात्र चालत राहिले, फुकट, आपल्या हातून गेलेलं विमान परत यावं म्हणून.

माझी जळगावला बदली झाली, राहायला शेजारच्या नशिराबादला. ते पत्र मनातून जाईना. तीन-चार वर्षांनी एका रविवारी नशिराबादहून मोटारसायकल काढली ती थेट धुळ्याच्या पट्टीवर. मिरच्या वाळत होत्या. पत्र्याच्या खोलीपाशी आबांची बायको भांडी घासत होती, कपाळ मोकळं. पौषात गेले, म्हणाली. शेवटच्या पावसाळ्यात झोळी पार फाटली, तेव्हा त्यांनी ट्रंक उघडली.

मी वर पाहिलं. खांबावर खाकी झोळी होती, वाऱ्याने फुगलेली.

मग तिच्यासमोर मातीत बसून मी सगळं सांगितलं. पत्र, फाइल, साहेब, मी. रोजचं विमान येणारच नव्हतं अक्का, आबांचा काही दोष नव्हता.

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. रागावली नाही. आबा रोज चालत जायचे त्या टोकाकडे बघत म्हणाली, "मंग ते इतला वरीस कोनाकरता चालनात?"