फूलमास्तरांचं घराणं

जंगलाच्या फाटकावरच्या गाइडला सगळे फूलमास्तर म्हणत. वसंतात झाडांना पालवी फुटायच्या आत पायवाटेच्या कडेनं रानफुलं उगवत आणि मास्तरांचा भाव वधारे. खरं तर त्यांना फुलांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एवढं पक्कं कळलं होतं, की नाव ऐकल्याशिवाय माणूस फुलाकडे ढुंकूनही बघत नाही. आणि नाव जितकं विचित्र, तितका तो जास्त वाकतो. मग मास्तरांनी घरचीच माणसं रानात पेरली. काटेरी देठाचं फूल झालं 'सासूचा टोमणा', लोंबता तुरा झाला 'मेहुण्याची मिशी' आणि हात लावताच मिटणारं ते 'रुसकी बायको'. लोक फोटो काढत, जाणकारासारखी मान डोलावत. एका प्राध्यापकांनी तर ही नावं फार जुनी असल्याचा निर्वाळाही देऊन टाकला.

घरी याचा सुगावा लागू नये, एवढीच मास्तरांची धडपड. साप फार आहेत असं सांगून ते बायकोला इकडे फिरकू देत नसत. यंदा मात्र विसरलेला डबा घेऊन ती आली आणि आलेच आहे तर बघते म्हणून थेट पर्यटकांच्या गटात सामील झाली. फुलं दिसली तरी न दिसल्यासारखं करून मास्तर भराभर पुढे चालू लागले. पण गेल्या वसंतात येऊन गेलेल्या एका बाईंना राहवेना. त्यांनी सासूपासून सुरुवात करून सगळं घराणं हौसेनं दाखवलं आणि 'रुसकी बायको' बोटानं मिटवूनही दाखवली.

बायको ते फूल बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "गवतातल्या फुलांना एवढी नावं दिलीत. मला मात्र लग्न झाल्यापासून नुसतं 'अगं ए'. माझं नाव तरी आठवतंय का?"

डबा दगडावर ठेवून ती फाटकाकडे निघाली.

मास्तर मनातून घाबरले. हसण्यावारी न्यावं तर हसू येईना, आणि स्वतःची लाजही वाटली. ते तिच्यामागे धावले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला नावानं हाक मारली, चारचौघांत, खणखणीत आवाजात.

आपल्यालाच हाक मारताहेत हे तिला कळलंच नाही. ती चालतच राहिली. इकडे अख्खा गट मात्र मोबाइल काढून खाली वाकला आणि गवतात शोधू लागला.

"हे नवीन दिसतंय," त्या बाई म्हणाल्या. "कुठल्या रंगाचं असतं हो?"