विचारून पुकारणारा मुज्तबाभाई

लातुरात रिक्षाला भोंगा बांधून पुकारा करणारे ढीगभर हायत. पण आमच्या गल्लीतल्या मुज्तबाभाईसारखा एक दाखवा, मी माझी खानावळ बंद करते!

त्याचा नेम एकच. ज्याचं नाव घ्यायचं, त्याला आधी विचारायचं. एकदा एका घरच्यांनी सांगितलं म्हणून त्यानं "पोरगी हरवलीय" असं नावानिशी गावभर पुकारलं. पोरगी कसली हरवतीय, राजीखुशीनं लगीन करून गेली होती! तिनं ठाण्यात तक्रार दिली. फौजदारानं त्याला बसवून समजावलं, बदनामी नुसती छापूनच होती असं न्हाई, भोंग्यातूनबी होती. तवापासून हा गडी आधी दारात येऊन उभा राहतो. लोक हसतात. हसू द्या मेल्यांना.

माझ्या बहिणीची लेक गीतांजली माझ्यापाशीच वाढली. भूकंपात आईबाप गेले तवा ती चार वर्षांची. पेपरवाले यायचे, ढिगाऱ्यापुढं तिला उभी करायचे अन् म्हणायचे, "आईला हाक मार." लेकरू रडलं की फोटो! मुडदा बशिवला त्यांचा! पुढं लातुरात तिनं शाळेत, कॉलेजात कुणाला म्हणून हे कळू दिलं न्हाई.

बारावीला तिनं लई मार्क काढले. तिच्या क्लासचे शिवमूर्ती सर लगेच मुज्तबाभाईकडं मजकूर घेऊन गेले: भूकंपातली अनाथ पोरगी, आमच्या क्लासनं घडवली. मुज्तबाभाईनं रिक्षा थेट आमच्या दारात आणली. मी भाकरी थापत होते. मला न्हाई, त्यानं तिला विचारलं.

"बेटा, हे पुकारू का?"

पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं. "चाचा, नाव घ्या, मार्क सांगा. बाकीचं नको."

"नको तर नको."

त्यानं जाऊन हे सांगितलं तसे सर भडकले. म्हणाले, "रविवारच्या तिच्या सत्काराला तेवढा तुमचा माइक लावा, मग तुमचं काम बंद. अन् हे तिथं मीच वाचणार."

मुज्तबाभाई परत आमच्या दारात आला, सरांचा बेत तिला सांगितला. "बेटा, सरांच्या आधी माइक तुझ्या हातात देतो. बोलायचं का न्हाई, तुझी मर्जी. बोललीस तर सगळ्या हॉलकडं बघू नको. एका माणसाकडं बघ, त्यालाच सांग."

रविवारी हॉल गच्च भरला होता. सरांनी माइकला हात घातला, अन् मुज्तबाभाईनं तो सरळ गीतांजलीला दिला.

ती माझ्याकडं बघून बोलली. भूकंप, तिची आई, ते फोटोवाले, सगळं सांगितलं. मलाबी कधी बोलली नव्हती एवढं. शेवटी म्हणाली, "हे माझं हाय, म्हणून मी सांगितलं. अन् मला अनाथ म्हणू नका. माझी मावशी पुढं बसलीय." मी पदर तोंडात कोंबला.

तिचे डोळे भरले तसा पेपरचा फोटोवाला धावला. मुज्तबाभाई आडवा उभा राहिला. "बेटा, काढू देऊ?" तिनं मान हलवली, नको. मग तो हललाच न्हाई, सर ओरडले तरी न्हाई.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात मुज्तबाभाईची ही एवढी रुंद छाती अन् बाजूला सरांचं अर्धं तोंड. मी तो कापून खानावळीत लावलाय. जेवायला येणारी क्लासची पोरं विचारतात, "मावशी, यात गीतांजली कुठंय?"

मी म्हणते, "हाय की भाईच्या मागं. तिला पाहिजे तशी."