कॉलर मावशी

मावशी दिसायच्या आधी त्यांचा आवाज ऐकू यायचा. आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये मंडळाच्या गणपतीची आरती सुरू झाली, की बाहेर गाडी पार्क करणाऱ्यालाही कळायचं, मावशी आल्यात! नागपूरच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलींना लेझीम शिकवली होती. "मैदानावर माइक कोण देतं?" असं म्हणायच्या.

नवरा गेल्यावर त्या मुलाकडे, निखिलकडे, ओहायोला आल्या. शेजारणीनं एकदा त्यांना जवळच्या हॉलमध्ये स्क्वेअर डान्स बघायला नेलं. व्हायोलिन वाजत होतं, जोड्या चौकोन करून नाचत होत्या आणि स्टेजवरचा एक म्हातारा पुढची चाल आधीच पुकारत होता. त्याला म्हणतात कॉलर. परत येताना मावशी म्हणाल्या, "हे तर माझंच काम आहे."

"आई, तुझं इंग्लिश ऐकून लोक हसतील गं," निखिल म्हणाला.

"हसू दे. हसत हसत नाचतील."

त्या म्हाताऱ्याकडेच त्या चिकाटीनं शिकल्या. इकडे शेतावरच्या जुन्या लाकडी कोठारात, बार्नमध्ये, लग्न करायची भारी हौस. तिथे मावशी कुर्ता आणि स्पोर्ट्स शूज घालून कॉल करू लागल्या. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या काकांनी तोंडावर विचारलं, "यांचं बोलणं आम्हाला कळणार कसं?" मावशींनी त्यांनाच हात धरून पहिल्या चौकोनात उभं केलं. "एकदा नाचा. नाही कळलं तर मी घरी जाते." काका मग खाली बसलेच नाहीत.

कोपऱ्यात बसून राहिलेलं माणूस त्यांना खपायचं नाही. "गुडघे दुखतात? मग हातांनी नाच," हे मी स्वतः ऐकून घेतलंय.

माझ्या लेकीचं, मीराचं, इथनशी लग्न ठरलं आणि त्याच सुमारास मावशींच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, पण आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही गुपचूप डीजे ठरवला. कुणीतरी बोललंच. मावशी थेट घरी आल्या.

"डीजे कॅन्सल कर," त्या मीराला म्हणाल्या.

"पण आजी, युअर व्हॉइस..."

"कॅन्सल."

लग्नात त्यांनी माइक अगदी ओठांशी धरला. "मी हळू बोलणार. नाचायचंय त्यांनी गप्प बसायचं." आमची माणसं सत्यनारायणाच्या कथेतही गप्प बसत नाहीत; त्या दिवशी मात्र सगळे चिडीचूप! व्हायोलिनवाल्यानंही हात हलका केला. स्पीकरमधून ती कुजबुज आली आणि सगळे चौकोन एकदम वळले. इथनची आजी माझ्या नवऱ्याचा हात घट्ट धरून फिरत होती. मीरा नाचता नाचता रडत होती. मावशी मध्येच थांबत, घोटभर पाणी पीत, पुन्हा सुरू करत. मी "पुरे आता" म्हणायला पुढे गेले, तर त्यांनी हातानंच मला माझ्या चौकोनात परत पाठवलं.

पुढे निखिलला पार पश्चिम किनाऱ्याकडे, फ्रीमाँटला जॉब लागला आणि मावशीही त्याच्याबरोबर तिकडे राहायला गेल्या. इथलं घर रिकामं होताना मी रडले. त्या नाही रडल्या.

परवा फोन केला. मला वाटलं होतं, एकट्या पडल्या असतील.

"इथे बार्न नाही गं," त्या कुजबुजल्या, "पण टाउनहाउसचं पार्किंग मोठं आहे. चौकोनाला चार जोड्या लागतात. तीन जमल्यात."

"मग चौथी?"

"समोरच्यांची बेल वाजवलीय. दार उघडतायत. ठेव फोन."