वहीत न लिहिलेला कॉलम

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. बायकोलेही नाही. तुम्हाले कावून सांगून राहिलो? — माहीत नाही बावा. ऐका बस.

सिविक सेंटरजवळच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअरच्या ऑफिसात प्रज्ञा आली, तेव्हा मले तिथं नऊ वर्षं झाली होती. पोट्टी आमच्याच समाजाची, बाप रेल्वेत. मले दादा म्हणे. मीच तिले काम शिकवलं — अन् सहा महिन्यांत साहेब मले सोडून तिलेच विचारू लागले. जळलो मी. खोटं कावून बोलू?

आमचा डेटाबेस मोकळाढाकळा. ज्या कारखान्याचं काम आम्ही करत होतो, त्याच्या एकेका मशीनची त्यात एकेक ओळ; त्या ओळीत वाटेल तो नवा कॉलम, म्हणजे माहितीचा रकाना, टाका, आधी काही सांगाची गरज नाही. आमच्या इथं सगळ्यांचं लॉगिन एकच, म्हणून कोणी टाकला तेही समजत नसे. त्यासाठी एक रीत होती — कॉलम टाकला की ऑफिसच्या वहीत लिहाचं, आपल्या नावासकट.

प्रज्ञानं एक प्रोग्राम बनवला. ओळीत जेवढे कॉलम भेटतील तेवढे वाचून, मशीन बरी की बिघडलेली ते तो सांगे. कारखान्याच्या लोकांले पसंत पडला, तर नव्या कामाची मुख्य तीच होणार होती. माह्यावर ती? काल आलेली?

ज्या दिवशी त्यांले प्रोग्राम दाखवाचा होता त्या सकाळी — हो, मीच — एका चांगल्या क्रेनच्या ओळीत एक कॉलम टाकला. आकडा भलताच मोठा. वहीत नाही लिहिला.

सगळ्यांसमोर चांगली क्रेन लाल, म्हणजे बिघडलेली, दिसली. लोक हसले. साहेबांनी वही मागवली. तो कॉलम त्यात नव्हताच, पण शेवटचं नाव प्रज्ञाचं. मले विचारलं, तर मी म्हटलं, तिलेच माहीत. मुख्य मी झालो.

संध्याकाळी ती माह्या टेबलापाशी आली. मले वाटलं, पकडलं आता. तं म्हणते, "दादा, मीच टाकला असन. मले आठवूनच नाही राहिलं. तुम्ही शिकवलं, अन् तुमचंच नाक कापलं मी."

मी म्हटलं, "होते असं."

महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. कम्प्युटरले पुन्हा हात लावला नाही म्हणतात. मागं पावर हाउस भागातल्या बाजारात तिचे बाबा भेटले. हात जोडून म्हणाले, "तुम्ही तं जीव तोडून शिकवलं. पोरीतच दम नव्हता."

मी हो म्हटलं.