वस्तीच्या नंबराचा गठ्ठा

आमच्या कापूस संघाचा प्रोग्राम म्हणजे लाकडी खोक्यात उभी रचलेली, भोकं पाडलेली कार्डं. खास संघासाठीच तो लिहून घेतला होता. कुणाची गाडी खरेदी केंद्रावर कधी लागायची ते तो ठरवायचा आणि पाळीच्या चिठ्ठ्या छापायचा. ती कार्डं वाचणारं संगणक यंत्र शहरात होतं. मी तिथं नोकरीला. गाव माझं आखाडा बाळापूरजवळ.

प्रोग्राममधले जुने भाग काढायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. भाग काढायचा म्हणजे कार्डांचा एक गठ्ठा खोक्यातून उचलायचा. माझा पहिला हात वस्तीच्या गठ्ठ्यावर पडला. त्याच्यामुळे गावाला एक नंबर होता, आमच्या बौद्ध वस्तीला दुसरा, आणि वस्तीची पाळी कायम गावानंतर. मी अक्षरं शिकले तीच घरातल्या चळवळीच्या पत्रकांवर. यंत्रातसुद्धा शिवाशिव? ‘गाव एक, नंबर एक’ असं टिपण मी लिहिलं. साहेबांनी सही केली.

त्याच आनंदात गावी गेले. घरात कापूस आढ्याला टेकला होता, कोपरा उंदरांनी पोखरलेला. पाळी चुकली तर सगळा पिवळा पडणार होता. मी बातमी सांगितली.

“मोठी कलेक्टरीण आली!” आत्या म्हणाली. “मंग आमच्या चिठ्ठ्या कुठं येतील?”

“गावाच्या चिठ्ठ्यांत.”

“त्या वाटतात कुणाच्या ओट्यावर?”

सरपंचाच्या. वस्तीच्या चिठ्ठ्या वेगळ्या बांधून बाबांच्या हाती यायच्या. शेवटची का असेना, पाळी आमची असायची.

“म्हणून अपमान छापत राहायचा?” मी ओरडले.

“आवाज खाली घे, पोरी,” बाबा म्हणाले. “गावच्या आडावर मी घागर भरली तवा तू पाळण्यात व्हतीस. आधी तिथलं पाणी घरात आलं, मंग आपला आड सोडला. पर बुजवला न्हाई अजून.”

“काहून?”

“सरपंचाचा काय भरवसा?”

परत आले तेव्हा गठ्ठा खोक्याबाहेर काढून टेबलावर ठेवलेला होता आणि त्यावर साहेबांचा चहाचा ग्लास. छपाई दुसऱ्या दिवशी होती.

“थांबवा,” मी म्हणाले.

“तूच लिहिलंस ना?”

“अजूनही तेच म्हणते. नंबर एकच हवा. पण चिठ्ठी एका ओट्यावर अडत असेल, तर आपला न्याय त्या ओट्यापर्यंतच.” मी नवा भाग मांडला: गावाच्या आणि वस्तीच्या सगळ्या गाड्यांची मिळून एकच सोडत, चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, आणि सोडतीची यादी केंद्राच्या फाटकावर. हा नवा भाग फाटकावर टिकेपर्यंत जुना गठ्ठाही चालवायचा. नवं मोडलं तरी वस्तीची पाळी जायला नको.

“दोन्ही छापायचं? कागद दुप्पट लागेल.”

“लागू दे.”

“हुकूम सोडतेस?”

मी टेबलापाशीच उभी राहिले. शेवटी त्यांनी गठ्ठ्यावरचा ग्लास उचलला.

पाळीच्या दिवशी मी रजा घेऊन फाटकावर उभी होते. नव्या यादीत बाबांची गाडी सरपंचाच्या पुतण्याच्या आधी होती. पुतण्यानं बैल आडवे घातले.

“काहो म्हातारबा, वस्ती मागून येते. इसरलात?”

फाटकावर पहारा करणाऱ्या चाचांनी यादीवर बोट ठेवलं. “इनका नाम ऊपर है, मियाँ. गाडी हटाव.”

पुतण्या हलला नाही. बाबांचा हात कमरेला गेला. वस्तीच्या नंबराची जुनी चिठ्ठी तिथं खोचलेली होती. ती दाखवली असती तर कापूस संध्याकाळी का होईना विकला गेला असता, आणि नवी यादी त्याच दुपारी मेली असती. मला ओरडावंसं वाटलं. घरातला सगळा कापूस त्या गाडीत होता, म्हणून ओरडले नाही.

बाबांनी कमरेवरचा हात काढला आणि कासरा धरला. “चल रं राजा.” बैल पुढं झाले, शिंगं शिंगांना लागली. चाचांनी फाटकाचं एक दार उघडून धरलं. पुतण्या शिवी हासडून आपले बैल मागं ओढू लागला, आणि गाडी आत गेली.

एसटीच्या थांब्यावर बाबांनी जुनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. “आता काढ तुझा गठ्ठा.”

“जाळते.”

“जाळू नको. ठिव.”

“किती दिवस, बाबा?”

“आड बुजवीन तवर.”

गठ्ठा माझ्या कपाटात आहे. कपाट उघडलं की अजून डोकं तापतं. गावी गेले की मी आधी आडाकडे जाते.