टर्नरची तिसरी आस

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. दुकानाचं शटर अजून अर्धंच वर आहे, आणि टर्नर लेथवर वाकून पोलादाची एक बारीक आस घासतोय. लांबीला आगपेटीच्या काडीएवढी, टोकाला सुईसारखी. ही टोकं दोन पितळी पट्ट्यांच्या भोकांत बसली की मधलं चाक फिरेल आणि शंभरेक वर्षांचं एक भिंतीवरचं घड्याळ चालेल. निदान चालायला हवं. आधी घडवलेल्या दोन्ही वाया गेल्या आहेत.

टर्नर हे त्याचं नाव नव्हे. एकतीस वर्षं कारखान्यात लेथ चालवली म्हणून सगळे तशीच हाक मारतात, मोठी बहीणसुद्धा. दुकान तिचं. जुन्या घड्याळांचे हरवलेले भाग नव्याने घडवणारी आसपास ती एकटीच. पण दोन वर्षांपासून तिचा उजवा हात थरथरतो. अकरा घड्याळं एकेका भागावाचून अडून आहेत. महिनाअखेरीस ती मालकांना जशीच्या तशी परत करायची आणि दुकानाला टाळं लावायचं, असं तिने ठरवलं होतं. नुकताच निवृत्त झालेला भाऊ म्हणाला, "हात माझे, डोकं तुझं. एक तरी करून बघू."

पहिली आस लावल्यावर घड्याळ वीस मिनिटांत थांबलं. दुसरी त्याने आणखी काटेकोर केली. बाराव्या मिनिटालाच थांबलं.

काल संध्याकाळी बहिणीने चाक बोटाने ढकलून पाहिलं.

"आस बसवलीस की खिळा ठोकलास रे?"

"ताई, केसभर फट नाही. कारखान्यात असं काम बघून साहेब पाठ थोपटायचे."

"मग साहेबांनाच टांग भिंतीवर. तुझ्या यंत्राला मोटर ढकलायची. इथे एका स्प्रिंगवर आठ दिवस काढायचेत. चाकाला अंग हलवायला जागा नको?"

"म्हणजे मुद्दाम ढिलं काम करू?"

"ढिलं नको. मोकळं कर."

टर्नरला हे पटलं नाही, पण आज तो लवकर आला आणि तिसरी आस केसभर मोकळी बसेल अशी घासली.

नऊला बहीण आली, तोवर ती बसवून झाली होती. बहिणीने घड्याळाचा सांगाडा डाव्या हातात धरून तिरका केला. चाक आपल्याच वजनाने किंचित सरकलं, टिक् आवाज झाला. उलटा केला, पुन्हा टिक्. तिने लंबक लावायला सांगितलं.

बारा मिनिटं गेली. वीस गेली. अकरा वाजले तरी लंबक हलत होता.

"जमलं म्हणायचं का?" टर्नरने विचारलं.

"आठ दिवस चालू दे, मग मिशीला पीळ दे."

मात्र दुपारी तिने एका गिऱ्हाइकाला फोन केला. ते आपलं घड्याळ परत न्यायला येणार होते. "येऊ नका," ती म्हणाली, "काम हातात घेतलंय."

त्या घड्याळाचं चाक गहाळ आहे. उद्या पावणेआठला टर्नर लेथ सुरू करेल आणि पितळेची नवी चकती कातायला घेईल. दाते बहात्तर.