गावड्यांच्या नावाने हजर

आंतोनकाका गेल्याचं सांगायला गावडेकाका आमच्या दारात आले तेव्हा आम्ही जेवत होतो. ते काकांचे नोकरीतले सोबती; इस्पितळाचा निरोप आधी तिकडे पोचला होता. अंगावर ड्युटीचे कपडे, टोपी हातात. बाबांनी "या, बसा" म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "आंतोन गेलो." आणि वळून चालायला लागले. शेजारच्या घरात, काकांच्या घरात, ते गेले नाहीत. बाबा खरकट्या हातानेच उठून तिकडे गेले. याला आता काही आठवडे झाले. काका कशाने गेले हे लोक विचारतात. फुप्फुसं निकामी झाली होती, असं उत्तर देते. ते खरं आहे, पण अर्धं.

अंधेरीच्या गावठाणात आमची आणि त्यांची भिंत एकच. परेरांचं घर तिथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं, ख्रिस्ती, आणि बोलणं मराठी. काका आग विझवणाऱ्या बंबावर होते. त्यांचे निम्मे सोबती कोकणातले, आणि त्यांत गावडे सगळ्यांत जवळचे. गणपतीत या सगळ्यांना गावी जायचं असायचं आणि रजा दोघाचौघांनाच मिळायची. मग काका आपल्या सुट्टीच्या दिवशी बंबखान्यात जायचे आणि हजेरीच्या वेळी गावड्यांचं नाव पुकारलं की "हजर" म्हणायचे. साहेब मान वर न करता हजेरीपटावर खूण करायचे. नाताळात परेरांच्या नावाला गावडे "हजर" म्हणायचे. "गणपतीत मी गावडे, नाताळात तो परेरा," काका हसून सांगायचे. "दोन्ही देवांची काय तक्रार नाय." कुणाचं काम कधी अडलं नाही. बंब माणसांनी भरलेला निघे आणि भरलेला परत येई.

अशाच एका गणपतीत कुर्ल्याच्या बाजूला रसायनांचं गोदाम पेटलं. आत रखवालदार अडकला होता. नाकाला ओलं फडकं बांधून काका शिरले, त्याला ओढून बाहेर आणलं आणि रस्त्यावरच कोसळले. सोबत्यांनी त्यांना इस्पितळात नेलं. तिथे नाव विचारल्यावर घाबरलेल्या गड्यांनी खरं नाव सांगितलं. आंतोन परेरा. सगळं बिघडलं ते तिथे. कारण कामावर जखमी झालेल्याच्या उपचाराचा खर्च खातं करणार, असा नियम. आणि परेरा त्या दिवशी सुट्टीवर. हजर होते ते गावडे, धडधाकट, अंगावर ओरखडाही नसलेले. खात्याने कळवलं की सुट्टीवरचा माणूस आगीपाशी गेला तो स्वतःच्या मर्जीने.

"गावडे म्हणून भरती केलं असतं तर झकास उपचार झाला असता," खाटेवर धापा टाकत काका म्हणाले होते. "बायको तेवढी बदलावी लागली असती."

"तुमका कोण घेता!" रोझाकाकू फणकारल्या. गावड्यांची मालवणी त्या हुबेहूब करायच्या. तेव्हा अजून त्या घरात हसू येत होतं.

गावडे गावाहून परतले ते थेट काकांच्या खाटेपाशी. "मी सांगतंय सायबांका. मी हय नव्हतंय म्हणान. नोकरी गेली तर गेली."

"गप रे," काका म्हणाले. "एकटा जाशील काय तू? इतक्या वर्षांची हजेरी उकरतील. सगळे जातील, साहेबासकट. तुझ्या पोरांना काय माझं फुप्फुस खायला घालू?"

तरीही गावडे साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि ते म्हणाले, "गावडे, तुम्ही हजर होता. इथे माझी खूण आहे. घरी जा."

मी पत्रक लिहिलं. बाबा चळवळीतले, आमच्या घरात रांगोळीच्या आधी पत्रकं आली, त्यामुळे दुसरं काही सुचलंही नाही. मी लिहिलं की गोदामातल्या मालाचा विमा होता आणि मालकाला भरपाई मिळाली. रखवालदाराला ओढून काढणाऱ्या माणसाच्या श्वासाचा खर्च मात्र कुणाचाच नाही. लोकांसाठी जो आगीत जातो त्याचा इलाज लोकांच्या पैशातून व्हावा, त्या दिवशी कागदावर तो कुठेही असो. काकांनी सावकाश वाचलं. "मागणी ठेव," म्हणाले. "माझं नाव काढ. गावड्याचंही." मी भांडले. त्यांनी पेन्सिल मागून दोन्ही नावं स्वतःच खोडली. नावाशिवाय छापलं, वाटलं, लोकांनी घड्या घालून खिशात टाकलं. मागणी आजही तिथेच आहे, आणि ती खरी आहे.

सोबती सुरुवातीला रोज यायचे. मग रविवारी. मग सणाला. त्यांच्यात वाईट कुणीच नव्हतं; त्यांना काकांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं, इतकंच. गावडे यायचे सगळ्यांत आधी थांबले. हमरस्त्यावरून घंटा वाजवत बंब गेला की काका बोलणं अर्धवट सोडायचे आणि आवाज विरेपर्यंत ऐकत राहायचे. डॉक्टर म्हणाले होते, घरी प्राणवायूची टाकी असू द्या. ती आली नाही. औषध ते पुरवून पुरवून घेत, आणि ज्या दिवशी घेत नसत त्या दिवशी, बरं वाटतंय, असं सांगत.

परवा संध्याकाळी मी मागच्या अंगणात गेले. रोझाकाकू रॉकेलचा स्टो घेऊन मागच्या दाराला लागून फणसाखाली बसल्या होत्या. काका आजारी पडल्यापासून त्यांनी घरात फोडणी दिली नव्हती. मिरचीचा ठसका, तेलाचा धूर, काहीच आत जाऊ द्यायच्या नाहीत. पावसात डोक्यावर गोणपाट घेऊन बाहेर मासे तळायच्या. काकांवर झालेला न चुकलेला उपचार तेवढा एकच. आता समोर एका माणसापुरती कढई होती. आतल्या खोलीत दिवा नव्हता, दार मात्र घट्ट लावलेलं.

"काकू, आता आतच करत जा ना," मी म्हटलं.

त्यांनी तेलात मिरची टाकली, तोंड वळवलं, आणि एका हाताने दार नीट बंद आहे ना ते चाचपून पाहिलं.

"आत धूर होतो गो," त्या म्हणाल्या.